वनौषधींचे रसायन : डॉ. असीमा चटर्जी यांचे संशोधनकार्य

शेताचा बांध, ओढ्याचा काठ, देवराई आणि डोंगरउतार या ठिकाणी उगवणाऱ्या अनेक वनस्पतींचे औषधी गुण ग्रामीण जनतेस पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत. सातविणीची साल, सागरगोट्याची बी, किराइताचा काढा ही नावे प्रत्येक गावात ऐकावयास मिळतात. हे पारंपरिक ज्ञान मोलाचे आहे. तथापि त्याच्या आधारे खात्रीचे औषध तयार करावयाचे असल्यास काही प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावी लागतात. वनस्पतीचा गुण कोणत्या द्रव्यामुळे येतो? ते द्रव्य मुळीत असते, सालीत असते की पानात? ते किती प्रमाणात असते? तशीच दिसणारी दुसरी वनस्पती मालात मिसळली गेल्यास काय घडते? या प्रश्नांची उत्तरे रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत शोधतो, आणि शेतकऱ्याने पिकविलेल्या वनौषधीस बाजारात मिळणारा भाव पुष्कळ अंशी त्या उत्तरांवर अवलंबून असतो. कलकत्ता विद्यापीठातील प्राध्यापिका डॉ. असीमा चटर्जी यांनी आपले उभे आयुष्य याच कार्यास वाहिले. त्यांच्या कार्याची ओळख वनौषधी पिकवू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास व त्यास मार्गदर्शन करणाऱ्या ग्रामसेवकास उपयुक्त ठरेल.

शिक्षण व कार्यारंभ

असीमा चटर्जी यांचा जन्म २३ सप्टेंबर १९१७ रोजी कलकत्ता येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव मुखर्जी. वडील वैद्यकीय व्यवसायात होते व त्यांना वनस्पतिशास्त्राची आवड होती. स्कॉटिश चर्च कॉलेजातून १९३६ मध्ये त्या रसायनशास्त्र विषय घेऊन पदवीधर झाल्या आणि १९३८ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची एम.एस्सी. ही पदवी त्यांनी मिळविली. मुलींनी विज्ञानाचे उच्च शिक्षण घेणे ही त्या काळी विरळा गोष्ट होती. १९४० मध्ये कलकत्त्याच्या लेडी ब्रेबोर्न कॉलेजात रसायनशास्त्र विभागाच्या संस्थापक प्रमुख म्हणून त्यांची नियुक्ती झाली. अध्यापन सांभाळून त्यांनी वनस्पतींतील द्रव्यांवर संशोधन केले व १९४४ मध्ये त्यांस डी.एस्सी. ही पदवी मिळाली. भारतीय विद्यापीठाची ही पदवी संपादन करणाऱ्या आरंभीच्या मोजक्या स्त्रियांत त्यांची गणना होते.

पुढे १९४७ ते १९५० या काळात त्यांनी परदेशांत अभ्यास केला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठ, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था आणि स्वित्झर्लंडमधील झुरिक विद्यापीठ येथे त्यांनी काम केले. झुरिक येथील त्यांचे मार्गदर्शक प्रा. पॉल कारर हे १९३७ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी होते. कॅलिफोर्नियातील प्रा. झेक्माइस्टर हे मिश्रणातील द्रव्ये एकमेकांपासून अलग करण्याच्या पद्धतीचे नामांकित तज्ज्ञ होते. १९५० मध्ये असीमाबाई स्वदेशी परतल्या आणि १९५४ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात प्रपाठक म्हणून रुजू झाल्या. १९६२ ते १९८२ अशी वीस वर्षे त्यांनी तेथील रसायनशास्त्राचे ‘खैरा प्राध्यापक’ हे मानाचे पद भूषविले.

वनस्पतीतून द्रव्य कसे वेगळे करतात?

असीमाबाईंच्या संशोधनाचा मुख्य विषय ‘अल्कलॉइड’ या वर्गातील द्रव्ये हा होता. ही द्रव्ये बहुधा कडू असतात व अगदी अल्प मात्रेतही मनुष्याच्या शरीरावर प्रभाव पाडतात. सिंकोनाच्या सालीतील क्विनीन व अफूतील मॉर्फीन ही त्यांची परिचित उदाहरणे होत.

अल्कलॉइड मिळविण्याची सामान्य रीत पुढीलप्रमाणे आहे. प्रथम वनस्पतीची ओळख पक्की करून तिचा हवा तो भाग वाळवितात व त्याची भुकटी करतात. ही भुकटी मद्यार्कात भिजवून अर्क काढतात. अर्क आटवून त्यात सौम्य आम्ल मिसळले म्हणजे अल्कलॉइडे पाण्यात विरघळतात आणि मेद, राळ, हरितद्रव्य इत्यादी पदार्थ बव्हंशी मागे राहतात. नंतर अमोनिया घालून द्रावण अल्कधर्मी केल्यावर अल्कलॉइडे मोकळी होतात व क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात उतरतात. एवढ्याने काम संपत नाही. एकाच मुळीत अनेक अल्कलॉइडे एकत्र असतात. ती अलग करण्यासाठी काचेच्या नळीत विशिष्ट भुकटी भरून तीतून मिश्रण हळूहळू पाझरू देतात. प्रत्येक द्रव्य निरनिराळ्या गतीने खाली उतरते व वेगळे गोळा करता येते. शेवटी स्फटिक मिळाले म्हणजे द्रव्य शुद्ध झाले असे समजण्यास आधार मिळतो.

यापुढचे काम अधिक बिकट असते. त्या द्रव्याच्या रेणूत कोणते अणू आहेत, ते परस्परांशी कसे जोडले गेले आहेत आणि अवकाशात त्यांची मांडणी कशी आहे, हे ठरवावे लागते. आज यासाठी आधुनिक उपकरणे आहेत. असीमाबाईंनी कार्यास आरंभ केला त्या वेळी आपल्याकडील विद्यापीठांत अशी साधने फारच थोडी होती व रसायनांसाठी पैसाही अपुरा असे. रेणूचे एकेक तुकडे करून व ते ओळखून संपूर्ण रचना जुळवीत जावे लागे. एकेका द्रव्याचा उलगडा होण्यास वर्षे लागत.

सर्पगंधेचे उदाहरण

सर्पगंधा ही कण्हेरीच्या कुळातील लहानशी वनस्पती होय. महाराष्ट्रात ती अडकई किंवा हरकी या नावांनीही ओळखली जाते. तिची मुळी आयुर्वेदात पूर्वीपासून वापरात आहे. १९३१ मध्ये दिल्ली येथे सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी या मुळीतून अल्कलॉइडे वेगळी केली व त्यांपैकी एकास हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असे नाव दिले. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील अनुभव ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले, त्यामुळे जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तीतील ‘रेसर्पिन’ हे महत्त्वाचे द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळाले.

याच गणातील दुसरी एक जाती अमेरिका खंडातून येऊन आपल्या देशात रुजली आहे. तिचा रासायनिक अभ्यास असीमाबाईंनी संशोधनाच्या आरंभकाळीच हाती घेतला व तीतून ‘रौवोल्सिन’ हे अल्कलॉइड मिळविले. दोन्ही वनस्पती दिसावयास एकमेकींच्या जवळच्या असल्या तरी त्यांतील द्रव्यांचा संच एकसारखा नाही. सर्पगंधेच्या मुळीत या दुसऱ्या जातीच्या मुळ्यांची भेसळ होते, ही व्यापारातील जुनी तक्रार आहे. रौवोल्सिन व रेसर्पिन यांचे शरीरावरील कार्य भिन्न असल्यामुळे अशी भेसळ ही केवळ वजनाची फसवणूक राहत नाही. ती रुग्णाच्या जिवाशी संबंधित बाब ठरते. भेसळ ओळखता येते ती या दोन्ही वनस्पतींचे रसायन कोणीतरी आधी कष्टपूर्वक समजून घेतले म्हणूनच.

पुढील काळात असीमाबाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी कण्हेरीच्या कुळातील अनेक वनस्पतींतील अल्कलॉइडांच्या रचना निश्चित करण्याच्या कार्यात मोलाची भर घातली. सदाफुलीतील अल्कलॉइडांवरही त्यांनी काम केले. सदाफुलीच्या पानांतून व्हिन्क्रिस्टीन व व्हिन्ब्लास्टीन ही कर्करोगावरील औषधे मिळतात, तर तिच्या मुळीतील अजमलिसिन रक्ताभिसरणाच्या विकारांवरील औषधांत वापरले जाते. एकाच झाडाची पाने व मुळ्या हा औषधनिर्मात्याच्या दृष्टीने दोन निराळ्या प्रकारचा माल आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

हिवताप व अपस्मार यांवरील प्रयत्न

द्रव्यांची रचना ठरविण्यावर असीमाबाई थांबल्या नाहीत. सातवीण, किराईत, कुटकी व सागरगोटा या वनस्पतींच्या आधारे त्यांनी हिवतापावरील औषध तयार केले. अपस्मारावर त्यांनी सुसनी नावाच्या वनस्पतीचा उपयोग केला. सुसनी ही पाणथळ जागी व भातखाचरांत वाढणारी, एका देठावर चार पर्णिका असलेली, नेच्याच्या वर्गातील वनस्पती असून बंगालमध्ये तिची भाजी खातात. शेतकरी ज्यास तण समजून उपटून टाकतो, त्या सुसनीपासून व हिमालयातील जटामांसीपासून ‘आयुष-५६’ हे औषध सिद्ध झाले. कलकत्त्याच्या सॉल्ट लेक भागात वनौषधींच्या संशोधनासाठी संस्था व तिच्या जोडीस रुग्णालय उभे राहावे, यासाठीही त्यांनी परिश्रम घेतले.

सन्मान व ग्रंथरचना

१९६१ मध्ये असीमाबाईंना रसायनशास्त्रासाठी शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. १९७५ मध्ये भारत सरकारने त्यांस पद्मभूषण देऊन गौरविले, आणि त्याच वर्षी भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अध्यक्षपदी आलेल्या पहिल्या महिला शास्त्रज्ञ होण्याचा मान त्यांना लाभला. १९८२ ते १९९० या काळात त्या राज्यसभेच्या राष्ट्रपतिनियुक्त सदस्या होत्या. त्यांचे सुमारे ४०० शोधनिबंध प्रसिद्ध झाले. भारतीय वनौषधींची माहिती देणाऱ्या सहा खंडांच्या बंगाली ग्रंथाचे संपादन त्यांनी केले, तसेच डॉ. सत्येशचंद्र पाकडाशी यांच्या सहकार्याने औषधी वनस्पतींवरील सहा खंडांचा इंग्रजी ग्रंथही सिद्ध केला. २२ नोव्हेंबर २००६ रोजी त्यांचे निधन झाले.

शेतकऱ्यांनी व ग्रामसेवकांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

वरील माहितीवरून हे स्पष्ट होईल की, वनौषधीचा खरेदीदार वस्तुतः तीतील द्रव्य विकत घेत असतो. शेतमालाचे वजन भरपूर असून त्यात द्रव्य कमी असेल, अथवा भलत्याच जातीचा माल असेल, तर तो नाकारला जातो. म्हणून पुढील दक्षता घेणे इष्ट आहे.

१. ओळख : रोपे किंवा बी घेण्यापूर्वी वनस्पतीची जात निश्चित करून घ्यावी. पाने, फुले व फळे असलेली डहाळी कागदात दाबून वाळवावी व नजीकच्या कृषी विद्यापीठास किंवा महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागास दाखवावी. केवळ स्थानिक नावावर विसंबू नये. एकच नाव दोन वनस्पतींस असू शकते.

२. योग्य भाग व योग्य वेळ : सर्पगंधेतील अल्कलॉइडांचा मोठा वाटा मुळीच्या सालीत असतो. म्हणून खणताना व धुताना साल निघून जाऊ देऊ नये. सामान्यतः दीड ते तीन वर्षांच्या पिकाची मुळी हिवाळ्यात, पाने झडल्यावर काढतात. कोवळी मुळी घाईने काढल्यास वजन व गुण या दोहोंचे नुकसान होते.

३. वाळवण व साठवण : माती झटकून माल स्वच्छ करावा, हवेशीर जागी नीट वाळवावा व कोरड्या जागी ठेवावा. बुरशी आलेला माल चांगल्या मालात मिसळू नये. प्रत्येक पोत्यावर वनस्पतीचे नाव, भाग, ठिकाण व काढणीचा महिना लिहावा.

४. रानातील वनस्पतींचे रक्षण : मुळी काढली की झाड मरते. अतोनात खणणीमुळे रानातील सर्पगंधा दुर्मीळ झाली असून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. वनक्षेत्रातून ती परवानगीवाचून काढू नये. लागवड करावयाची असल्यास बियांची उगवण कमी होते हे जाणून मुळांच्या तुकड्यांपासूनही रोपे करावीत.

५. विक्रीची आधी चौकशी : रेसर्पिनची जागा आज बहुतांशी नव्या औषधांनी घेतली आहे. जुन्या कीर्तीवर विसंबून मोठे क्षेत्र लागवडीखाली आणू नये. खरेदीदार कोण, त्यास कोणता भाग हवा, तपासणी कोण करणार, हे लेखी ठरवून घ्यावे. या कामी २००० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या योजनांची माहिती घ्यावी.

६. स्वतः औषधयोजना करू नये : जे द्रव्य मोजक्या मात्रेत रोग आवरते, तेच अधिक मात्रेत अपाय करते. सर्पगंधेच्या अतिसेवनाने रक्तदाब धोक्याच्या मर्यादेपर्यंत उतरतो व मन खिन्न होते. मधुमेहावर सदाफुलीची पाने चावून खाण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. तथापि त्या पानांतील द्रव्ये अस्थिमज्जेस, म्हणजे रक्त तयार होण्याच्या ठिकाणासच, हानी पोहोचवू शकतात. ताप, अपस्मार व रक्तदाब यांच्या रुग्णास विनाविलंब डॉक्टरकडे न्यावे व चालू असलेले औषध आपल्या विचाराने बंद करू नये.

ग्रामसेवकांनी आपल्या क्षेत्रातील वनौषधींची यादी करावी व तीत स्थानिक नाव, आढळण्याची जागा, फुलोऱ्याचा काळ आणि लोक कोणता भाग कशासाठी वापरतात याची नोंद ठेवावी. गावातील वडीलधाऱ्या मंडळींस व वैदूंस विचारून ही माहिती मिळते. ती त्यांच्यासमवेत नाहीशी होण्यापूर्वी लिहून ठेवणे अगत्याचे आहे. प्रयोगशाळेतील संशोधनाचा आरंभ अशाच नोंदींतून होतो. भातखाचरातील सुसनीपासून औषध सिद्ध होऊ शकले, याचे कारण तिचा गुण आधी कोणाच्या तरी अनुभवास आला होता आणि पुढे कोणीतरी तो धीराने पारखून पाहिला. नोंद अचूक आणि माल निर्भेळ ठेवणे हा त्या कार्यातील शेतकऱ्याचा वाटा आहे.