नातू भारतीय, पण नोंद झाली तर

द्राक्षाने वणी-दिंडोरीच्या पट्ट्यात पैसा आला, त्या पैशावर मुले शिकली आणि शिकलेली मुले बाहेर गेली. कुणी दुबईत आहे, कुणी मस्कतला, कुणी थेट अमेरिकेत. नातवंडे तिकडेच जन्माला येतात आणि जावळ काढायला सप्तशृंगी गडावर आणायची ठरते. आई-बाप भारतीय म्हणजे पोर भारतीय, त्यात विचारायचे काय, असे घरातली मोठी माणसे धरून चालतात. 1955 चा नागरिकत्व कायदा मात्र तसे मानत नाही, आणि हे उशिरा कळले की त्याची झळ त्या मुलाला मोठेपणी बसते.

परदेशात जन्मलेल्या मुलाला आई-वडिलांकडून येणारे नागरिकत्व या कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. 10 डिसेंबर 1992 पूर्वी जन्मलेल्या मुलाला ते फक्त वडिलांकडून मिळायचे. आई भारतीय असणे जमेस धरले जात नसे. त्या तारखेपासून दोघांपैकी एक जण भारतीय असला तरी चालू लागले. पुढे 3 डिसेंबर 2004 पासून अट कडक झाली. जन्मानंतर एका वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वकिलातीत नोंद करायची आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे आई-वडिलांनी लिहून द्यायचे. वर्ष उलटून गेले, तर केंद्र सरकारची परवानगी काढावी लागते. आपल्याकडे वडील गेल्यावर वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे दोन वर्षे उशिरा गेले तरी वारसाचा हक्क बुडत नाही. इथे नोंद झाली नाही तर हक्कच उभा राहत नाही.

आखातात हे काम सहसा वेळेत होते. तिथे जन्मलेल्या भारतीय जोडप्याच्या मुलाला तिथले नागरिकत्व मिळत नाही, आणि पासपोर्टाशिवाय तान्ह्या बाळालाही विमानात बसता येत नाही. त्यामुळे जावळाची तारीख ठरायच्या आधीच आई-बाप वकिलातीची पायरी चढतात. गुंता होतो तो अमेरिकेत. तिथल्या 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने त्या भूमीवर जन्मलेले मूल अमेरिकन ठरत आले आहे. जानेवारी 2025 मध्ये तिथल्या अध्यक्षांनी आदेश काढून हा हक्क आखडता घ्यायचा प्रयत्न केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. बहुतेक पालक लगेच बाळाचा अमेरिकन पासपोर्ट काढतात. तो काढला की भारतीय नोंदीसाठी लागणारे लेखी निवेदन खरेपणाने देता येत नाही. मग उरते ते ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड. त्यावर आयुष्यभर येता-जाता येते, पण मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही आणि सरकारी नोकरीचे दार बहुतांशी बंद असते. ज्यांनी आधी वकिलातीत नोंद केली त्यांच्या मुलांचे दोन्हीकडचे नागरिकत्व सज्ञान होईपर्यंत टिकते. अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत दुसरे सोडले नाही, तर भारताचे आपोआप संपते.

अमेरिकन नागरिकत्वाबरोबर जबाबदाऱ्याही येतात, आणि इथे बरेच जण गाफील असतात. अमेरिकेत जन्मलेला मुलगा वर्षाचा असताना नाशिकला आला, इथेच शिकला, उद्या दुबईत नोकरीला लागला, तरी ठरावीक मर्यादेपुढच्या कमाईचे विवरणपत्र अमेरिकेला भरायचे. अमेरिकेबाहेरच्या त्याच्या सगळ्या खात्यांतली रक्कम मिळून वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली, तर तीही कळवायची. आजोबांनी प्रेमाने नातवाचे नाव लावलेले इथल्या बँकेतले संयुक्त खातेसुद्धा त्यात धरले जाते. शिवाय तो अमेरिकेत पुरेशी वर्षे राहिलाच नसेल आणि जोडीदार अमेरिकन नसेल, तर परदेशात जन्मलेल्या स्वतःच्या मुलाला ते नागरिकत्व तो देऊ शकत नाही. त्यासाठी पाच वर्षांचे प्रत्यक्ष वास्तव्य लागते, त्यातली दोन वर्षे वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची.

गोव्यात हाच प्रश्न उलट्या बाजूने आला. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त होण्यापूर्वी तिथे जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या मुलांचा नागरिकत्वावरचा हक्क पोर्तुगालचा कायदा मानतो. आजोबांचा जन्मदाखला, लग्नाची नोंद अशी जुनी कागदपत्रे जमवून लिस्बनमध्ये नोंद करायची, पोर्तुगीज पासपोर्ट घ्यायचा आणि युरोपात कामाला जायचे, ही वाट हजारो गोवेकरांनी धरली. ब्रेक्झिटपूर्वी त्यातले पुष्कळ जण इंग्लंडमधल्या स्विंडनला पोचले. पण सज्ञान माणसाचे दुहेरी नागरिकत्व भारताला मान्य नाही. स्वेच्छेने परके नागरिकत्व घेतले की नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाने इथले संपते, भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, मतदारयादीतले नाव जाते. नुसती लिस्बनची नोंद म्हणजे नागरिकत्व घेणे की नाही, यावर गोव्यात वर्षानुवर्षे वाद झाले, आमदारांपर्यंत पोचले. माझ्या मते पोटासाठी बाहेर जाणाऱ्याला नावे ठेवायचे कारण नाही. काय सोडावे लागणार ते त्याला सही करण्याआधी कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे होते.

वणीकरांच्या दृष्टीने सर्वांत नाजूक गोष्ट जमिनीची आहे. परदेशी नागरिक झालेल्या, ओसीआय कार्ड असलेल्या मुलाला फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या नियमांनुसार शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट ठेवून बाहेर स्थायिक झालेल्यालाही हीच बंदी आहे. वारसाहक्काने मात्र ती मिळू शकते, आणि पुढे विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. म्हणून हयातीतच वाटे करून द्राक्षबाग परदेशातल्या मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून द्यायचे मनात असेल, तर दस्त लिहायला घेण्यापूर्वी त्याच्या हातात कोणता पासपोर्ट आहे आणि त्याचा मुक्काम कुठे आहे, हे वकिलाला आधी सांगावे. अशा घरात मृत्युपत्र हाच सरळ मार्ग ठरतो.