संगणकाचा पंचनामा

१९ जुलै २०२४, शुक्रवार. हिवाळ्याची सुट्टी संपत आली होती. तुम्ही हॅरिस पार्कमध्ये किंवा आसपास राहत असाल, तर ती दुपार कदाचित आठवेल. दोन वाजून गेले आणि ऑस्ट्रेलियात सुपरमार्केटच्या काउंटरवरचे, विमानतळांवरचे, ऑफिसांतले कितीतरी कॉम्प्युटर धडाधड बंद पडले. पडदा निळा, आणि त्यावर दोन टिंबं व एक कंस यांचा उदास चेहरा!

झालं होतं असं: क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने सिडनीच्या वेळेनुसार २ वाजून ९ मिनिटांनी एक चुकीची फाइल जगभर पाठवली. ७८ मिनिटांनी ती मागे घेतली. पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर अडकले. (एक लाख म्हणजे शंभर हजार.)

आता सांगा, नेमकं काय बिघडलं हे कळतं कसं?

यासाठी आपल्याकडे एक छान शब्द आहे: पंचनामा. अपघात झाला की पोलीस तिथे येतात आणि साक्षीदारांसमोर, जे दिसतं ते जसंच्या तसं लिहून ठेवतात. गाडी कुठे आहे, काचा कुठे पडल्या आहेत. दोष कुणाचा, ते नंतर ठरतं. कॉम्प्युटरही हेच करतो.

निळ्या पडद्यावर टक्के वाढत जाताना पाहिलेत का? तेवढ्या वेळात विंडोज मेमरीतली माहिती डिस्कवर उतरवत असतं. पण गंमत बघा, ते तेव्हा नवी फाइल बनवत नाही. फाइल लिहिणारा भागच बिघडलेला असला तर? चांगल्या फाइलीही खराब व्हायच्या! म्हणून डिस्कवर आधीच राखून ठेवलेल्या जागेत ते सगळं ओततं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, की तिथून उचलून नीट फाइल तयार होते. तिला 'डंप' म्हणतात.

एकच ॲप बंद पडलं, तर काम सोपं असतं. ते ॲप स्वतःचा पंचनामा लिहू शकत नाही, म्हणून विंडोज दुसऱ्या प्रोग्रॅमला पाठवतं. पूर्वी या कामाला 'डॉक्टर वॉटसन' नावाचा प्रोग्रॅम होता. हो, शेरलॉक होम्सचा मित्रच!

त्या शुक्रवारच्या डंपमध्ये दिसलं, की क्राउडस्ट्राइकचा प्रोग्रॅम मेमरीत भलत्याच जागी वाचायला गेला होता. कारण पुढे कंपनीनेच सांगितलं: माहितीचे २१ रकाने हवे होते, मिळाले २०. प्रोग्रॅम एकविसावा शोधत गेला आणि कोसळला. एवढ्याशा चुकीने केवढा गोंधळ!

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. त्या क्षणी मेमरीत जे असेल, ते डंपमध्ये येऊ शकतं: तुम्ही अर्धवट लिहिलेला मेसेज, कधी पासवर्डसुद्धा. म्हणून 'रिपोर्ट पाठवू का?' असं विचारतात, तेव्हा छोटा रिपोर्ट मी बिनधास्त पाठवतो. कुणी पूर्ण डंप मागितला, तर आधी विचारतो, कोण वाचणार आणि कशासाठी.

तुमच्या घरी आयफोन असेल, तर सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'ॲनालिटिक्स अँड इम्प्रूव्हमेंट्स', मग 'ॲनालिटिक्स डेटा' उघडा. तिथे फाइलींची यादी दिसेल. प्रत्येक फाइल क्रॅशची नसते, पण एखाद्या ॲपचं नाव आणि तारीख दिसली तर ती उघडून बघा. वरच्याच ओळींत ॲपचं नाव, वेळ आणि आयओएसची आवृत्ती सापडेल.