स्टोव्ह दरीत कोणी घालवला?

साठी ओलांडलेले मित्र हरिश्चंद्रगडाला निघाले की गोष्टी नळीच्या वाटेच्या होतात आणि पाय मात्र पाचनईच्या सोप्या वाटेला लागतात. निम्मा चढ झाला की वाद पेटतो. कॉलेजात असताना, त्या पावसाळी ट्रेकला, रॉकेलचा स्टोव्ह दरीत कोणी घालवला? एकाला सगळं लख्ख आठवतं: स्टोव्हचा खणखणाट, मागोमाग हासडलेली शिवीसुद्धा. दुसरा शांतपणे म्हणतो, ‘‘अरे, तू त्या ट्रेकला नव्हतासच! कावीळ झाली होती तुला.’’

आणि तरी पहिला खोटं बोलत नसतो. इथे मेंदूपुढे हात जोडावेसे वाटतात.

2000 साली न्यूयॉर्कमध्ये करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. ठरावीक आवाज झाला की विजेचा झटका बसतो, हे उंदीर शिकले. मग नुसत्या आवाजानेही जागच्या जागी थिजू लागले. नवी आठवण पक्की व्हायला मेंदूत प्रथिनं तयार व्हावी लागतात. एकदा पक्की झाली की तिला धक्का नाही, असा तोवरचा सर्वसाधारण समज. नादेर यांनी उंदरांना तो आवाज पुन्हा ऐकवला आणि भीतीशी निगडित भागात प्रथिनं रोखणारं औषध लगेच टोचलं. पुढच्या वेळी भीती बरीच ओसरलेली! ज्यांना आवाज न ऐकवता तेच औषध दिलं, ते मात्र पूर्वीसारखेच घाबरले.

म्हणजे आठवण जागी केली की ती काही काळ पुन्हा कच्ची होते. उंदराच्या भीतीवरून माणसाच्या गप्पांवर थेट उडी मारू नये, हे कबूल. पण सांगता सांगता गोष्ट बदलते, हे केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 च्या पुस्तकातच दाखवलं होतं. कीर्तनकाराचं आख्यान तेच, रंग दरवेळी नवा. दर भेटीत ऐकलेला स्टोव्हचा किस्सा न आलेल्या मित्राच्या डोळ्यांपुढेही उभा राहतो, आणि मग तो त्याचाच होतो.

पण नेमका कॉलेजातलाच किस्सा का? उतारवयात आयुष्य आठवायला सांगितलं, तर साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग प्रमाणाबाहेर गर्दी करतात. बऱ्याच गोष्टी त्या वयात पहिल्यांदा घडतात, हे त्याचं एक कारण मानलं जातं. चाळिशीतली वर्षं बिचारी ऑफिसच्या फायलींसारखी एकमेकांना चिकटतात.

गडावर केदारेश्वराच्या गुहेत, लिंगाभोवतीच्या गार पाण्यात पाय घातला की मात्र विसरलेलं काहीबाही अचानक वर येतं. जॉन ओकीफ यांना 1971 मध्ये उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात, विशिष्ट जागी आल्यावरच चेतणाऱ्या पेशी सापडल्या. 2014 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. माणसात हाच भाग प्रसंगांच्या आठवणीही जुळवतो. ‘कुठे’ आणि ‘काय घडलं’ यांचा संसार एकाच घरात!

शिवाय आठवणींची वाटणीही झालेली असते. डॅनियल वेग्नर यांनी 1985 मध्ये जोडप्यांबद्दल हे मांडलं: काय लक्षात ठेवायचं, यापेक्षा ते कोणाच्या लक्षात असेल, हे माहीत असलं तरी भागतं. मित्रांचंही तसंच. एकाकडे वाटा, एकाकडे हिशेब, एकाकडे माणसांची नावं. त्यामुळे पाचनईत तेव्हा कोणाच्या पडवीत झोपलो होतो, हा प्रश्न निघाला की सगळे नावंवाल्याकडे बघतात. तो बूट काढत, मान वर न करता उत्तर देतो. बरोबरच असेल असं नाही, पण त्यावर वाद होत नाही.