स्वस्त सीडी-प्लेअर : नाद आणि बांधणी

घरांत एखादें नवें यंत्र आलें म्हणजे त्याच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळदां त्या यंत्राहूनही अधिक काळ टिकते. आमच्या अर्धापुरांत ग्रामोफोन, रेडिओ व कॅसेट यांच्या मागोमाग सीडी-प्लेअर आला. आणि आतां गाणीं मोबाइलवर ऐकण्याचा प्रघात पडल्यामुळें बहुतेक घरांतून तो फडताळांत जाऊन बसला आहे. तथापि ज्यांच्या घरीं तो अद्याप चालू आहे, त्यांचीं त्याविषयींचीं मतें मोठीं ठाम असतात, आणि तीं परस्परविरुद्धही असतात. त्यांत तथ्य किती, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. कित्येक कुटुंबांत दिवंगत वडीलधाऱ्यांचा आवाज एखाद्या सीडीवरच उरलेला आहे. म्हणून यंत्राची पारख चुकली तर हानि पैशांपुरतीच होते असें नाहीं.

प्रथम या यंत्राचें कार्य पाहूं. जपानांतील सोनी व हॉलंडमधील फिलिप्स या दोन कंपन्यांनीं मिळून ही पद्धति ठरविली, आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजीं पहिला प्लेअर जपानांत विक्रीस आला. शब्द हा आकाशाचा गुण असून तो वीचितरंगन्यायानें, म्हणजे पाण्यावरील लाटांप्रमाणें, पसरतो असें आपले नैयायिक सांगत. आधुनिक शास्त्र आकाशाच्या जागीं हवा ठेवतें. लाट मात्र कायम आहे. ग्रामोफोनच्या तबकडीवर ही लाट चरीच्या वांकणांत कोरलेली असे. सीडीवर ती नसते; तेथें लाटेची उंची दर सेकंदास ४४,१०० वेळां मोजून ते आंकडे सूक्ष्म खळग्यांच्या रूपानें लिहिलेले असतात. अवघ्या १२ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर खळग्यांची ही सर्पिल रेषा पांच किलोमीटरांहून अधिक लांब भरते. लेझरचा किरण ती आंतून बाहेर वाचीत जातो, आणि मग त्या आंकड्यांचें पुन्हां विद्युत्तरंगांत रूपांतर होतें.

आतां मालकांचीं मतें पाहूं. एक पक्ष म्हणतो, “आंकडे ते आंकडेच, स्वस्त यंत्र वाचो कीं महाग यंत्र वाचो, आवाजांत फरक कसला?” हें म्हणणें बरेंच खरें आहे. बारीक ओरखडा असला तरी गमावलेले आंकडे हिशेबानें भरून काढण्याची योजना या पद्धतींतच आहे, व ती स्वस्त यंत्रांतही असते. दुसरा पक्ष म्हणतो, “आमच्या प्लेअरचा आवाज पत्र्यासारखा येतो, तंबोऱ्याचा खर्ज ऐकूंच येत नाहीं.” हेंही खरें आहे, परंतु तो दोष बहुधा वाचनाचा नसून उच्चाराचा असतो. प्लॅस्टिकच्या पोकळ पेटींत बसविलेला लहानसा स्पीकर डग्ग्याचा घुमारा देणार कोठून? तोच प्लेअर चांगल्या अँप्लिफायरला व मोठ्या स्पीकरला जोडून पाहावा, म्हणजे दोष कोणाचा हें कळतें. पाठांतर चोख असलेला विद्यार्थी घसा बसल्यामुळें बेसूर म्हणूं लागला, तर त्याच्या स्मरणशक्तीस बोल लावणें न्याय्य होत नाहीं.

तिसरी तक्रार जुन्या गाण्यांविषयींची. खांसाहेब अब्दुल करीम खां १९३७ सालीं वारले. त्यांचें गाणें मूळ ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर सुमारें तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत मुद्रित झालें. सीडीवर तें ऐकतांना खरखर येते, आणि ऐकणारा यंत्रावर रुसतो. वास्तविक ती खरखर मूळ तबकडीची असते. येथें स्थालीपुलाकन्याय चालत नाहीं. भाताचें एक शीत चेपून सगळें भांडें शिजलें कीं नाहीं हें सांगतां येतें. एका गाण्यावरून यंत्राची पारख होत नाहीं. एक जुनें गायन, भीमसेन जोशी यांचा एखादा अभंग आणि केवळ वाद्यवादनाची एक सीडी, अशीं तीन तरी ऐकावींत व मग मत द्यावें.

बांधणीविषयीं मात्र मालकांचें फारसें दुमत नाहीं. स्वस्त यंत्र पहिल्यानें कोठें दगा देतें, तर तबकडी आंत-बाहेर नेणाऱ्या ताटलींत. तिचीं दांतेरी चाकें प्लॅस्टिकचीं असतात आणि पट्टा रबराचा. आमच्याकडील उन्हाळ्यांत तो सैल पडतो. त्यांतच धूळ व विजेचा कमीजास्त होणारा दाब यांची भर पडते. पट्टा बदलण्यास खर्च थोडाच येतो; तेवढ्यासाठीं यंत्र मोडींत घालणें शहाणपणाचें नाहीं.

माझ्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत आजोबांच्या कीर्तनाची एकुलती एक सीडी होती. बाजारांतून विकत आणलेल्या सीड्या घरचा प्लेअर वाजवी, पण ही घातली कीं “डिस्क नाहीं” असें दाखवी. थोरले म्हणत यंत्र टाकाऊ झालें. धाकटे म्हणत सीडीच गेली. दोन्ही निदानें चुकलीं होतीं. कारखान्यांत छापलेली सीडी लख्ख असते. घरीं संगणकावर लिहिलेल्या सीडींत रंगद्रव्याचा थर असतो, म्हणून ती प्रकाश कांहींसा कमी परत करते. भिंगावर धूळ बसली कीं पहिल्यानें हीच वाचावयाची थांबते. कारागिरानें तें भिंग पुसलें आणि कीर्तन सुरू झालें. आजोबांच्या पश्चात् घरांत आलेल्या सुनांनीं त्यांचा आवाज त्या दिवशीं प्रथमच ऐकला. त्याच संध्याकाळीं त्याच्या प्रती होऊन तिन्ही भावांच्या घरीं गेल्या.

ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. रंगद्रव्याचा थर ऊन व उष्णता यांनीं कालांतरानें बिघडतो, आणि बिघडलेला थर कोणताही कारागीर दुरुस्त करूं शकत नाहीं. तबकडी उन्हांत ठेवूं नये. पुसावयाची झाल्यास मऊ कापडानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसूं नये. नांवाच्या बाजूस विशेष जपावें. कारण मजकूर लिहिलेला थर त्याच बाजूच्या पातळ लेपाखालीं असतो, आणि चकचकीत बाजूस मात्र सव्वा मिलिमीटराच्या आसपास जाड प्लॅस्टिकचें संरक्षण असतें.

तेव्हां स्वस्त प्लेअरविषयीं निर्णय असा कीं, तो वाचनांत प्रामाणिक, उच्चारांत दुबळा व शरीरानें नाजूक असतो. चांगल्या स्पीकरची संगत आणि थोडी स्वच्छता एवढ्यावर तो पुष्कळ वर्षें सेवा करतो. वाचकांच्या घरीं एखादी हातानें नांव लिहिलेली सीडी असेल, तर प्लेअर चालू आहे तोंवरच ती एकदां लावून पाहावी, आणि तिची प्रत दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावी.