वसंतातील परसबाग आणि विहिरीचे पाणी

माघ सरत आला की देशावरील शिवाराचे रूप पालटू लागते. बांधावरचा पळस पाने टाकून फुलावर येतो, काटेसावरीच्या उघड्या फांद्यांवर लाल फुले दिसू लागतात, आंब्याचा मोहोर गळून मागे मोहरीएवढी फळे राहतात आणि कडुलिंब पिवळी पाने झाडून कोवळी पालवी धरतो. पंचांगाचा वसंत चैत्रात उजाडतो हे खरे; परंतु परसबागेचा वसंत त्याआधी महिना-दीड महिना सुरू झालेला असतो. ज्यांची लागवड पाडव्यानंतर होते, त्यांच्या हाती उन्हाळी भाजीपैकी थोडीच लागते.

याचे कारण उष्णता नव्हे, पाणी होय. फाल्गुनात विहिरीत पाणी भरपूर दिसते. त्या भरवशावर चार-पाच गुंठ्यांत वाफे पाडले जातात, बी उगवते, वेल मांडवावर चढतात. आणि वैशाखात, नेमकी फळे धरण्याच्या वेळी, विहीर तळ दाखवू लागते. तेव्हा सर्वच वाफ्यांना अर्धे पाणी देण्याचा मोह होतो आणि सर्वच वाफे बुडतात. म्हणून बी हाती घेण्यापूर्वी थोडा हिशेब मांडावा, अशी आमची शेतकरी बंधूंना आग्रहाची विनंती आहे.

हिशेब सोपा आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी देण्यास एक लिटर पाणी लागते. माघ-फाल्गुनात पिकाची दररोजची गरज ठोकळ मानाने ५ मिलिमीटर धरली, तर गुंठ्याला रोज सुमारे ५०० लिटर पाणी पाहिजे. वैशाखाच्या उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात हीच गरज जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे गुंठ्याला १,००० लिटर.

आता विहिरीकडे पाहू. दहा फूट व्यासाच्या गोल विहिरीत पाण्याची पातळी एक फूट चढली म्हणजे सुमारे २,२०० लिटर पाणी वाढले. गेल्या वैशाखात उपसा थांबविल्यावर रात्रीतून पाणी किती चढत होते, हे घरातील वडीलधाऱ्यांना बहुधा आठवते. ते अर्धा फूट चढत असेल, तर १,१०० लिटर झाले. पाच माणसांचे घर आणि दावणीची दोन जनावरे यांना त्यांतून ४०० लिटर ठेवले, तर बागेच्या वाट्यास ७०० लिटर येतात. पाटात मुरणारे पाणी वजा करता अशा घराने अर्ध्या गुंठ्यापलीकडे जाऊ नये. अर्धा गुंठा ऐकताना थोडा वाटतो. परंतु नीट जोपासलेला अर्धा गुंठा घराला भाजी पुरवितो, वाळलेले चार गुंठे पुरवीत नाहीत. ज्या वर्षी पाऊस कमी झाला असेल, त्या वर्षी हा अंदाजही उतरवून घ्यावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी माघात दोराला गाठी मारून विहिरीचे हे माप घेण्याची रीत प्रत्यक्ष करून दाखविल्यास पुष्कळ उपयोग होईल.

लागवडीची वेळही याच हिशेबातून ठरते. उन्हाळी भेंडी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत पेरावी. भेंडी आणि काकडी पेरणीपासून साधारणपणे दीड महिन्यात तोडणीस येतात. कारले व दुधी भोपळा यांस त्याहून काही दिवस अधिक लागतात. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत बी पडले, तर मुख्य तोडा विहिरीचे पाणी आटण्यापूर्वी पदरात पडतो. फार आधी घाई करण्यातही अर्थ नाही. रात्रीची थंडी असेपर्यंत वेलवर्गीय भाज्यांचे बी जमिनीत नुसते पडून राहते व पुष्कळदा कुजते. भेंडीचे बी टणक असते. ते रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी सावलीत सुकवून टोकावे. उन्हाळ्यात झाड आटोपशीर वाढते, म्हणून दोन ओळींत एक फूट व दोन झाडांत अर्धा फूट अंतर पुरते.

भेंडीच्या जातीविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा हळद्या रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. १९६०च्या सुमारास पुसा सावनी ही जात या रोगास दाद देत नाही म्हणून नावाजली होती. पुढे तिचा तो गुण नाहीसा झाला. नंतर परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या परभणी क्रांतीचा प्रसार झाला. कोणत्याही जातीची रोगप्रतिकारशक्ती कायमची नसते. म्हणून आपल्या भागात कोणती जात टिकते हे दरवर्षी विचारून घ्यावे आणि पिवळे पडलेले पहिले झाड दिसताच उपटून जाळावे.

पाणी थोडे असेल तेथे गवार व चवळी यांस पहिली पसंती द्यावी. पालेभाजीसाठी माठ चांगला. पालक व मेथी ऊन वाढताच फुलोऱ्यावर येतात. मोरीच्या पाण्यावर अळू, केळी किंवा पपई लावावी. साबणाचे पाणी पालेभाजीस देऊ नये.

याच दिवसांत अंगणात आणि बांधावर पालापाचोळ्याचे ढीग साचतात, आणि होळीच्या सुमारास ते बहुतेक गावी पेटविले जातात. ज्या महिन्यात बागेला आच्छादनाची सर्वांत अधिक गरज असते, त्याच महिन्यात आपण ते स्वहस्ते जाळतो! हा पाला वाफ्यांत दोन-तीन इंच जाडीने पसरावा. जमीन तापत नाही, ओल टिकते आणि दोन पाण्यांतील अंतर वाढविता येते. खोडाला मात्र तो भिडवू नये, आणि वाळवीचा उपद्रव असेल तेथे पाला हलवून पाहत जावे. वेलांसाठी आणखी एक जुनी युक्ती आहे. न रंगविलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत आळ्यात पुरावे, पाण्याने भरावे, तोंडावर झाकण ठेवावे आणि सभोवती तीन-चार बिया लावाव्यात. मडक्यातून पाझरणारी ओल थेट मुळांशी जाते. ठिबकची नळी ज्यांना परवडत नाही, त्यांच्या पाच-दहा आळ्यांचे काम यावर भागते.

वेल फुलले तरी फळे धरत नाहीत, ही तक्रार चैत्रात नेहमी ऐकू येते. वेलवर्गीय भाज्यांत नर व मादी फुले निराळी असतात. प्रथम नर फुले येतात, आणि कडक उन्हात त्यांचे प्रमाण वाढते. मादी फुलाच्या खाली इवलेसे फळ असते. त्यावर पराग न पडल्यास ते पिवळे होऊन गळते. काकडी, कारले व लाल भोपळा यांची फुले सकाळी, तर दुधी व दोडका यांची सायंकाळी उमलतात. त्या त्या वेळी ताजे नर फूल तोडून मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावे. मधमाश्या असतील तर हे श्रम वाचतात. म्हणून हिवाळी वाफे मोडताना फुलावर आलेली कोथिंबीर व मुळा यांची एखादी ओळ राहू द्यावी. त्यामुळे माश्या बागेत येत राहतात. फुले उघडी असताना औषध फवारू नये. हाच नियम आंब्याच्या मोहोरासही लागू आहे. तेथे तुडतुड्यांचा बंदोबस्त मोहोर पूर्ण फुलण्यापूर्वीच झाला पाहिजे, कारण मोहोरावरील माश्याच फळधारणा करून देतात.

रोपे दोन पानांवर असताना तांबडे भुंगेरे ती खाऊन टाकतात. सकाळी दव असताना पानांवर चाळलेली राख धुरळावी व भुंगेरे वेचून मारावे. पुढे फळमाशीने डंख केलेली, वाकडी झालेली फळे वेलावर अथवा उकिरड्यावर टाकू नयेत. ती खोल पुरावीत.

बी देशी असल्यास प्रत्येक जातीच्या निरोगी वेलावरील एक चांगले, लवकर धरलेले फळ न तोडता ठेवावे. दुधी व दोडका वेलावरच वाळू द्यावेत. आतील बी हलविले असता वाजू लागले म्हणजे फळ उतरवावे, बी काढून सावलीत सुकवावे आणि कोरड्या राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात, जातीचे नाव व वर्ष लिहून ठेवावे.