भंगलेला दगड आणि त्रुटित पाठ

२६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपाचा हादरा बडोद्यालाही जाणवला. तेव्हापासून एक प्रश्न मला सतत पडत आला आहे : भूकंपाने भंगलेली वास्तू दुरुस्तीनंतर ‘तीच’ राहते काय?

घडीव दगडाची वास्तू भार पेलण्यात बलवान, परंतु ताण आणि आडवा हिसका सोसण्यात दुबळी असते. भूमी हलली की पायथ्यापेक्षा माथा अधिक झोके घेतो. म्हणून उंच, सडपातळ भाग प्रथम ढासळतात. अहमदाबादच्या जामा मशिदीचे (१४२४) मिनार १८१९ च्या भूकंपात कोसळले. त्यांचे बुंधे तेवढे आज उभे आहेत. वरचा भाग पुन्हा चढवला गेला नाही.

वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलने दुसरा मार्ग पत्करला. १९०७ मध्ये आरंभिलेल्या आणि १९९० मध्ये पूर्ण झालेल्या या चुनखडी दगडाच्या वास्तूला २३ ऑगस्ट २०११ रोजी ५.८ तीव्रतेच्या भूकंपाने गाठले. मधल्या मनोऱ्यावरील टोकदार शिखरांचे दगड जागच्या जागी फिरले, काही खाली पडले. सैल झालेले दगड उतरवण्यात आले. जे चांगले होते ते पुन्हा बसवायचे, भंगलेल्यांना नव्या दगडाचे ठिगळ द्यायचे आणि जे गेलेच ते हाताने नव्याने कोरायचे, अशी ही रीत आहे. पुन्हा रचलेल्या शिखरांच्या पोटात गंज न चढणाऱ्या पोलादाच्या सळ्या घातल्या जातात. साधे लोखंड गंजले की फुगते आणि दगडच फोडते.

सांध्यांतील मसाल्याचेही तसेच. तो दगडापेक्षा मऊ हवा. कठीण सिमेंट ओल कोंडून ठेवते आणि झीज दगडावर ढकलते. झिजलेला सांधा पुन्हा भरता येतो. झिजलेले कोरीवकाम परत येत नाही.

हा विवेक आम्हा भाषाभ्यासकांना परका नाही. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत प्रसिद्ध केली. तेथे हस्तलिखितांचा आधार असलेला पाठ वर आणि पाठभेद खाली दिलेले आहेत. संपादकाने कोठे काय स्वीकारले, हे वाचकाला पडताळून पाहता येते. दगडाच्या दुरुस्तीतही हेच अभिप्रेत आहे. उरलेल्या अंशाचा आधार असेल तेवढेच घडवावे, आणि काय जुने, काय नवे याची नोंद ठेवावी. आधार नसेल तेथे अहमदाबादच्या मिनारांप्रमाणे जागा रिकामी राहिली तरी ती खोटी ठरत नाही.

विद्यार्थ्यांनी सहलीस चांपानेरला गेल्यावर कोरीवकाम अवश्य पाहावे. जुन्या दगडांत एखादा उजळ दगड दिसला, तर तो तेथे का बसवला असेल, हेही शिक्षकांना विचारावे.