काही तबकड्या वाजतात, काही वाजत नाहीत : सीडी प्लेअरच्या दोषनिदानाविषयी

आपल्या कम्युनिटी कॉलेजांच्या कपाटांत सीडी अजूनही पडून आहेत. पाठ्यपुस्तकांसोबत आलेल्या इंग्रजी श्रवणाच्या सीडी, किरअत व नातच्या सीडी, स्नेहसंमेलनांची ध्वनिमुद्रणे, विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी घेतलेल्या मुलाखती असे २००० ते २०१० या काळातील बरेच साहित्य याच तबकड्यांवर आहे. बाजारात आता नवीन प्लेअर सहज मिळत नाहीत आणि नव्या लॅपटॉपना सीडी घालण्याची जागाच नसते. त्यामुळे एखादी सीडी वाजली नाही की ती खराब समजून भंगारात काढण्याकडे कल असतो. हा निर्णय बऱ्याचदा चुकीचा ठरतो. तो का चुकतो आणि योग्य निदान कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लेखाचे निमित्त सुरत जिल्ह्यातील पलसाणा येथील एका प्रशिक्षण वर्गाचे आहे. पलसाणा-कडोदरा हा कापड प्रक्रिया कारखान्यांचा पट्टा. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाने खानदेशातून कामासाठी आलेली मराठी व अहिराणी बोलणारी कुटुंबे या भागात राहतात. सदर वर्गातील विद्यार्थिनींनी २००६ च्या सुमारास आपापल्या घरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांकडून लग्नातील गाणी व जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या आणि त्या ११ सीडींवर उतरविल्या. गाणाऱ्यांपैकी बहुतेक जणी आज हयात नाहीत. अलीकडे या सीडी वर्गातील प्लेअरवर लावून पाहिल्या, तेव्हा एकही वाजली नाही. दुकानातून घेतलेली सीडी मात्र त्याच प्लेअरवर उत्तम वाजली. त्यावरून ‘प्लेअर ठीक, तबकड्या खराब’ असा निष्कर्ष काढून त्या ११ सीडींची नोंद नादुरुस्त सामानाच्या यादीत झाली. ही नोंद मला दाखविण्यात आली तेव्हा मी एवढेच म्हटले की, आठ दिवस थांबा.

तबकडी वाचली कशी जाते

सीडीचा व्यास १२ सेंटिमीटर व जाडी १.२ मिलिमीटर. जाडीचा बहुतांश भाग पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकचा असतो. त्यावर धातूचा अतिशय पातळ चकचकीत थर, त्यावर लाखेसारखा संरक्षक लेप व शेवटी छपाई. माहिती प्लॅस्टिकच्या तळाशी नसून वर, छपाईच्या अगदी लगत असते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. आपण खालच्या चकचकीत बाजूला जपतो आणि छापील बाजूवर बॉलपेनने खुशाल लिहितो. खरे तर खालचा ओरखडा पुष्कळदा पुसून काढता येतो. वरचा ओरखडा धातूचा थरच खरवडून नेतो आणि त्यावर उपाय नाही.

माहिती ही एकच सर्पिल रेषा असते. ती मध्यापासून सुरू होऊन कडेकडे जाते. ग्रामोफोनच्या तबकडीची वाट नेमकी उलट असते, म्हणून जुन्या पिढीतील अध्यापकांचा येथे गोंधळ होतो. दोन वेढ्यांमधील अंतर सुमारे १.६ मायक्रॉन असते आणि ७४ मिनिटांच्या तबकडीवरील रेषा उलगडली तर ती साडेपाच किलोमीटरच्या आसपास भरेल. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर या रेषेवर पडतो. सपाट भागावरून प्रकाश पुरेसा परततो, खाचेवरून कमी परततो, आणि या फरकातूनच आवाज पुन्हा उभा राहतो. म्हणजे प्लेअरची सगळी भिस्त परत येणाऱ्या प्रकाशावर आहे. हे ध्यानात ठेवले की पुढचे निदान सोपे होते.

दिसायला एक, जातीने वेगळ्या

कारखान्यात साच्याने दाबून तयार केलेल्या सीडीवरून किमान ७० टक्के प्रकाश परतावा, असा दंडक आहे. घरी संगणकावर एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-आरमध्ये खाचा नसतात. तिच्यात रंगद्रव्याचा थर असतो आणि लिहिताना लेसर तो जागोजागी भाजतो. तिच्यावरून सुमारे ६५ टक्के किंवा थोडा अधिक प्रकाश परततो. १९९७ मध्ये आलेल्या, पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूवरून केवळ १५ ते २५ टक्के. पहिली सीडी व पहिला प्लेअर बाजारात आले १९८२ साली. त्या घडणीच्या जुन्या प्लेअरला १५-२५ टक्के प्रकाश म्हणजे तबकडीच नाही असे वाटते आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ उमटते. हा प्लेअरचा दोष नव्हे आणि तबकडीचाही नव्हे.

याच्या नेमका उलट प्रकार सुरुवातीच्या काही डीव्हीडी प्लेअरमध्ये आढळतो. डीव्हीडीचा लेसर ६५० नॅनोमीटरचा असतो. सीडी-आरमधील रंगद्रव्य ७८० नॅनोमीटरसाठी बनविलेले असल्याने ६५० च्या प्रकाशाला ते नीट परतवीत नाही. त्यामुळे ज्या यंत्रांत सीडीसाठी दुसरा लेसर बसविलेला नव्हता, ती सीडी-आर नाकारीत, पण कमी चमकदार सीडी-आरडब्ल्यू मात्र वाजवीत. हे कोडे वर्गात घातले तर विद्यार्थी तासभर वाद घालतात, असा माझा अनुभव आहे.

प्रकाश पुरेसा परतला तरी मजकूर समजला पाहिजे. साध्या ऑडिओ प्लेअरला एकच भाषा कळते : सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा. त्याला एमपी३ फायलींची सीडी दिली तर तो गप्प बसतो. व्हीसीडीचेही तेच. मालेगावात २००० साली तयार झालेला ‘मालेगाव के शोले’ आणि नंतरच्या खानदेशी गाण्यांच्या व्हीसीडी आपल्याकडे घरोघरी होत्या. त्यांवरील चित्र व आवाज संगणकी पद्धतीने दाबून भरलेले असल्यामुळे ऑडिओ प्लेअरला त्यांचा अर्थ लागत नाही. कपाटात या साऱ्या जाती एकाच प्रकारच्या पाकिटात असतात, हा घोळाचा मुख्य उगम होय.

सर्वांत अधिक फसविणारे कारण मात्र वेगळेच आहे. संगणकावर लिहिलेल्या सीडीला शेवटी ‘फायनलाइझ’ करावे लागते, म्हणजे सुरुवातीच्या वर्तुळात अनुक्रमणिका लिहून तबकडी बंद करावी लागते. पुढे आणखी गाणी घालता यावीत म्हणून अनेकजण ती उघडी ठेवीत. ज्या संगणकावर ती लिहिली, तो तिला वाचतो. प्लेअर मात्र अनुक्रमणिका शोधतो, ती सापडत नाही आणि तो थांबतो. सगळी गाणी जागच्या जागी असतात, केवळ दार लावायचे राहिलेले असते.

एका गटात न बसणारी आणखी एक जात आहे. २००१ ते २००५ च्या दरम्यान काही परदेशी कंपन्यांनी नक्कल रोखण्यासाठी मुद्दाम नियमबाह्य सीडी काढल्या. त्या संगणकात व गाडीतील काही प्लेअरमध्ये चालत नसत. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या सीडी संगणकात गुपचूप प्रोग्रॅम घुसवितात हे उघडकीस आले आणि त्या कंपनीला त्या परत मागवाव्या लागल्या.

अदलाबदल करून पाहणे

निदानासाठी मीटर लागत नाही. चार तबकड्या जवळ ठेवाव्यात : दुकानातील चांगली ऑडिओ सीडी, घरी लिहिलेली व बंद केलेली ऑडिओ सीडी-आर, एमपी३ची सीडी-आर आणि एक सीडी-आरडब्ल्यू. न वाजणारी तबकडी दुसऱ्या यंत्रात लावावी आणि या यंत्रात त्याच जातीची दुसरी तबकडी लावावी. दोन्ही बाजूंनी अदलाबदल केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. पलसाण्यात चूक झाली ती येथेच. दुकानातील सीडी वाजली म्हणून प्लेअर निर्दोष ठरविला गेला. पण लेन्सवर धूळ बसली किंवा लेसर मंदावला, तर प्रथम कमी प्रकाश परतविणाऱ्या तबकड्याच बंद पडतात आणि दुकानातील सीडी सर्वांत शेवटी. म्हणून ‘काहीच तबकड्या वाजत नाहीत’ ही तक्रार यंत्राच्या आजाराची पहिली खूणही असू शकते. कापडाचा तंतू आणि वाफ जेथे हवेत असते, तेथे ही शक्यता आधी तपासावी.

तबकडी घातल्यावर यंत्र काय करते, तेही ऐकावे. लेन्स मध्याकडे जाते, वरखाली होऊन प्रकाश जुळविते, तबकडी फिरू लागते, अनुक्रमणिका वाचली जाते. तबकडी फिरलीच नाही तर प्रकाश परतत नाही असे समजावे : तबकडीची जात किंवा मळलेली लेन्स. फिरून थांबली तर अनुक्रमणिका नाही. पहिली गाणी ठीक व शेवटची अडखळत असतील तर बाहेरच्या कडेकडे पाहावे. तबकडी वाकलेली असेल, कडेला बोटांचे डाग असतील, किंवा लेन्स ज्या दांडीवरून सरकते तिचे ग्रीस सुकले असेल. वर चिकटविलेला कागदी लेबलही तोल बिघडवितो. तबकडी आत मिनिटाला सुमारे ५०० व कडेला सुमारे २०० फेरे घेते, आणि संगणकाच्या ड्राइव्हमध्ये त्याच्या कितीतरी पट.

पुसण्याची दिशा

तबकडी मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल फिरवून पुसू नये. कारण असे की, सीडीमधील दुरुस्तीची गणिती व्यवस्था रेषेवरील सुमारे अडीच मिलिमीटर लांबीची सलग हानी पूर्णपणे भरून काढू शकते. आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्याला केवळ क्षणभर छेदतो, तो सहन होतो. रेषेच्या दिशेने गेलेला बारीकसा गोल ओरखडा मात्र एकाच वेढ्याचा मोठा तुकडा गिळतो. थिनर, ॲसिटोन किंवा पेट्रोल वापरू नये, त्याने पॉलिकार्बोनेट धुरकटते. टूथपेस्टचा घरगुती उपाय खालच्या उथळ ओरखड्यांवर कधीकधी लागू पडतो, कारण ती सौम्य घासणी आहे. तो शेवटचा उपाय समजावा.

लेन्ससाठी कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब पुरतो. लेन्स बारीक लवचिक आधारांवर तरंगत असते, म्हणून दाब देऊ नये. वीजजोडणी काढूनच झाकण उघडावे. ७८० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे चालू यंत्रात वाकून पाहणे विद्यार्थ्यांना सक्त मना असावे.

पलसाण्याच्या त्या ११ सीडींचे पुढे काय झाले ते सांगतो. प्लेअरची लेन्स पुसल्यावर एक सीडी लगेच वाजली. तीन सीडींवर एमपी३ फायली निघाल्या. त्या प्लेअरवर कधीच वाजणाऱ्या नव्हत्या. सहा सीडी उघड्या राहिलेल्या होत्या. यूएसबीने जोडायच्या बाहेरच्या ड्राइव्हवर, वेग कमी ठेवून, त्या वाचल्या गेल्या. दहाही तबकड्यांची सामग्री आधी संगणकावर उतरविली, मग दुसऱ्या हार्ड डिस्कवर तिची प्रत ठेवली. उघड्या सीडी बंद करण्याचे काम त्यानंतर केले, कारण लिहिताना काही बिघडले तर मूळच हातचे जाते. रंगद्रव्य उन्हाने व उष्णतेने फिके पडत जाते, त्यामुळे सीडी-आर असलेल्यांनी हे उतरवून घेण्याचे काम पुढे ढकलू नये.

अकरावी सीडी राहिली. तिच्यावर कोणीतरी टोकदार पेनने, दाब देऊन, गाणाऱ्या बाईंचे नाव व गावाचे नाव लिहिले होते. उजेडासमोर धरली की ती अक्षरे आरपार दिसतात. सुरुवातीची चार मिनिटे मिळाली. नाव असल्यामुळे विद्यार्थिनींनी त्या बाईंचे घर शोधले. त्या आता नाहीत, पण त्यांच्या सुनेला त्यातील दोन ओव्या येतात. त्या या वेळी मोबाइलवर मुद्रित केल्या आहेत.